दवणा : चार महिन्यांचें सुगंधी पीक

आपल्या श्रीपुरास नवा पाहुणा आला म्हणजे त्याच्या दृष्टीस प्रथम पडतो तो ऊंस. १९३४ सालीं स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याभोंवतीं हें गांव वाढलें, नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी शिवारांतून खेळूं लागलें, आणि आज येथील मुलांस ‘पीक म्हणजे काय?’ असें विचारलें असतां निम्मीं मुलें ‘ऊंस’ एवढेंच उत्तर देतात. याबद्दल त्यांस दोष देतां येणार नाहीं. परंतु ज्याची उंची हातभर, आयुष्य चार महिन्यांचें आणि सारी किंमत केवळ वासांत, अशाहि एका पिकाची ओळख त्यांस असावी म्हणून हा लेख लिहीत आहें. तें पीक म्हणजे दवणा.

हें नांव घरांतील वडील मंडळींस, विशेषतः आजीस, ठाऊक असतें. अबोली-मोगऱ्याच्या वेणींत मधून मधून गुंफलेली हिरवट पांढरी काडी, किंवा लुगड्यांच्या पेटींत ठेवलेली वाळकी जुडी, हा दवणाच. त्याचें रोप दीड-दोन फूट वाढतें. पानें गाजराच्या पानांप्रमाणें बारीक चिरलेलीं असून त्यांवर पांढुरकी लव असते. त्यामुळें दुरून पाहणारास वाफ्यावर कोणीं राख भुरभुरली आहे कीं काय असा भास होतो. फुलें पिवळीं, पण वाटाण्याएवढींहि नसतात. शेवंती आणि सूर्यफूल यांच्याच कुळांत जन्म घेऊनहि त्यांचा तोरा या फुलांस नाहीं. वास मात्र असा कीं, पिकल्या फळाचा गोडवा, ओल्या गवताचा ताजेपणा आणि शेवटीं किंचित् कडसरपणा हीं तीन्ही एकाच वेळीं नाकांत येतात. गुलाब सुकला म्हणजे त्याचा वास बहुतेक जातो. दवणा सुकला तरी त्याचा वास महिनेच्या महिने राहतो.

‘दवणा-मरवा’ असा जोडशब्द आपण नेहमीं ऐकतों, त्यामुळें पुष्कळांस हीं दोन्ही एकच झाडें वाटतात. तसें नाहीं. मरव्याचीं पानें अखंड, लहान व गोलसर असतात. तो तुळशीच्या गोतांतला. त्याची फांदी खोंवली तरी जगते आणि तो कांहीं वर्षें टिकतो. दवणा मात्र दर वर्षीं बियांपासूनच करावा लागतो, आणि बीं धरलें कीं तो मरतो. हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण पुढें जें सांगावयाचें आहे तें सर्व याच एका गोष्टीवर अवलंबून आहे.

संस्कृतांत दवण्यास दमनक म्हणतात. पंचतंत्र वाचलेल्या विद्यार्थ्यांस करटक व दमनक हे दोन कोल्हे आठवतील. त्यांतील धूर्त कोल्ह्याचें आणि या गरीब रोपाचें नांव एकच आहे, एवढाच काय तो त्यांचा संबंध. कानडींत यास दवन, तेलुगूंत दवनमु, तर तामीळ भाषेंत अगदींच निराळें असें मरिक्कोळुंदु हें नांव आहे. शास्त्रीय नांव आर्टेमिसिया पॅलेन्स. आर्टेमिसिया या गणांत शेंकडों जाती असून त्यांतील बहुतेक उत्तरेकडील थंड व कोरड्या मुलखांत वाढतात. पोटांतील जंतांवर पूर्वीं घरोघर देत तो किरमाणी ओवा याच गणांतला. फ्रेंच लोक स्वयंपाकांत वापरतात ती टॅरॅगॉनची पानें याच गणांतलीं. चीनमधील अशाच एका जातीपासून हिंवतापावरील औषध निघालें आणि त्या शोधाबद्दल श्रीमती तू यूयू यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि आपल्या शाळेंतील मुलांस जवळचें उदाहरण द्यावयाचें तर मराठी बायबलांत ‘कडूदवणा’ असा जो शब्द येतो तो याच गणांतील एका अतिशय कडू झुडुपासाठीं योजलेला आहे. तें झुडूप महाराष्ट्रांत कोणीं पाहिलेलें नव्हतें. तेव्हां भाषांतरकारांनीं वाचकांच्या परिचयाच्या दवण्याचें नांव घेऊन त्यास ‘कडू’ हें विशेषण जोडलें. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तरी ही निवड अचूक ठरते, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें.

आपला दवणा मात्र कडू म्हणून नव्हे, तर सुवासिक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तो दक्षिणेचा. पीक म्हणून त्याची लागवड होते ती मुख्यत्वें कर्नाटक, आंध्र, तामीळनाडु आणि महाराष्ट्र या प्रांतांतच. आपल्याकडे त्याचा महिना चैत्र. पंचांग उघडून पाहिल्यास चैत्र शुद्ध द्वादशीस विष्णूचा व चतुर्दशीस शिवाचा दमनोत्सव लिहिलेला आढळेल. कोल्हापुराजवळ जोतिबाच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. तेथें गुलाल व खोबरें यांच्या जोडीला दवणाहि वाहतात, आणि डोंगराच्या आसपासचे कांहीं शेतकरी या यात्रेसाठींच दवणा करतात. आपल्या मुलुखांतहि चैत्र हा वर्दळीचाच महिना आहे. शुद्ध एकादशीस पंढरपुरीं चैत्री वारी, आणि माळशिरस तालुक्याच्या शिवेवर शिखर शिंगणापुरीं शंभुमहादेवाची यात्रा, हीं दोन्ही याच पंधरवड्यांत येतात.

आतां लागवडीकडे वळूं. पुस्तकांत वाचून सांगण्यापेक्षां माझी स्वतःची फजिती सांगितली तर ती अधिक ध्यानांत राहील.

२०२२ च्या नोव्हेंबरांत मीं घराच्या परसांत दवण्याचा पहिला वाफा केला. बियांची एक पुडी कोठूनशी मिळविली होती. ती किती जुनी हें विचारण्याचें सुचलें नाहीं. वाफा येथील काळ्या मातीचा, सपाट. मेथी पेरावी तसें बीं पेरलें, वर अर्धा इंच माती ओढली, आणि बादलीनें पाणी घातलें. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. वाफ्यांत उगवलें तें केवळ तण. शेजारच्या एक वृद्ध बाई, ज्यांस सारी आळी आक्का म्हणते, त्या कुंपणापाशीं येऊन पाहत होत्या. त्यांच्या माहेरीं फुलांचा मळा होता. त्यांनीं पुडी मागितली, बीं तळहातावर घेतलें, नखानें दाबलें आणि म्हणाल्या, “गुरुजी, ह्ये बी म्हातारं झालंया. म्हातारं बी मातीत घालून काय व्हनार?”

“पण आक्का, बियाला कसलें म्हातारपण? ज्वारी तर दोन वर्षें ठेवली तरी उगवते.”

“ज्वारी पोटाला खाऊन बसलेली आस्ती. ह्याच्या पोटात काय हाय?”

या एका वाक्यांत सारें वनस्पतिशास्त्र आलें. ज्वारीच्या दाण्यांत कोंबाला पुरेल असा पिठाचा सांठा असतो. दवण्याचें बीं राजगिऱ्याहूनहि बारीक. त्यांत सांठा जवळजवळ नाहींच, म्हणून त्याची उगवणशक्ति फार लवकर नष्ट होते. बीं मागील हंगामाचेंच पाहिजे. त्याहून जुनें बीं पेरणें म्हणजे धूळ पेरणें. आणि सांठा नाहीं म्हणूनच तें खोल गाडूनहि चालत नाहीं. अर्धा इंच मातीचा थर फोडून वर येण्याइतकें बळ त्याच्या कोंबांत नसतें. त्यांत आमची काळी माती वाळली कीं तिची खपली धरते. म्हणजे एकाच वाफ्यांत मीं तीन चुका केल्या होत्या.

दुसऱ्या वर्षीं आक्कांनीं सांगितलें तसें केलें. त्यांनीं माहेराकडून ताजें बीं आणविलें. काळ्या मातींत निम्म्याहून अधिक नदीची रेती व चाळलेलें शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच केला, कारण दवण्यास पाणी नित्य हवें, पण मुळापाशीं तुंबलेलें पाणी त्यास एक दिवसहि खपत नाहीं. बीं ओलें करून बारीक रेतींत मिसळलें, फडक्यांत बांधून दोन दिवस उबेला ठेवलें. तेवढ्यांत त्यास मोड फुटूं लागले. मग तें रेतीसकट वाफ्यावर भुरभुरलें आणि वर फक्त चाळलेल्या खताची पुसट साय धरली. मुंग्या हें बीं उचलून नेतात म्हणून वाफ्याच्या कडेनें राखेची रेघ ओढली. पाणी सकाळ-संध्याकाळ बारीक झारीनें. चौथ्या-पांचव्या दिवशीं वाफ्यावर हिरवा धूर दिसूं लागला. या लहान रोपांस कोलमडण्याचा रोग होतो; पाणी जास्त झालें कीं देठ जमिनीशीं काळा पडतो आणि रोप आडवें होतें. त्यास उपाय म्हणजे विरळ पेरणी आणि मोकळी हवा, औषधें नंतर.

सुमारें पांच आठवड्यांनीं रोपें चार बोटें उंच झालीं म्हणजे तीं उपटून कायम जागीं लावावयाचीं. दोन ओळींत सहा इंच आणि दोन रोपांत तीन इंच अंतर ठेवावें. येथें गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं एक उदाहरण घालतों. एका गुंठ्यांत १०८९ चौरस फूट असतात; एका रोपास फुटाचा आठवा हिस्सा जागा लागते; तर गुंठ्यांत किती रोपें मावतील? उत्तर ८७१२ येतें. पाट व वाटा सोडल्या तरी हजारों रोपें वांकून, एकेक करून, हातानें लावावयाचीं आहेत हें विसरूं नये. बीं मात्र एवढ्या क्षेत्रास पंधरा ग्रॅम पुरतें. लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस रोज पाणी, मग तीन-चार दिवसांच्या अंतरानें. तण दिसतांच काढावें, कारण बुटक्या पिकावर तण लगेच चढून बसतें. मावा पडला तर शेंडे आकसतात. तेवढे शेंडे खुडून टाकावे.

या पिकास सोलापूर जिल्ह्याचा हिवाळा मानवतो. आपल्याकडे पाऊस बहुतेक जून ते ऑक्टोबर एवढ्याच काळांत पडतो. पुढें कोरडें आकाश, रात्रीं थंडी, दिवसा ऊन. दवण्यास हेंच पाहिजे. त्याचे वैरी दोन, कडक हिंवाचा कडाका आणि फुलावर आला असतां पडणारा पाऊस. कडाक्याची भीति येथें फारशी नाहीं. पाऊस मात्र कधीं कधीं मार्चमध्यें अवचित येतो आणि त्या एका सरीनें पिकाचा वास उतरतो.

तर दुसऱ्या वर्षींचा दवणा उत्तम आला. बीं टाकलें होतें २०२३ च्या नोव्हेंबरच्या आरंभीं. मार्चच्या पहिल्या आठवड्यांत वाफा पिवळ्या फुलांनीं भरला. परसांतून जाणारा मनुष्य थांबून विचारी, “अत्तर सांडलें काय?” मी फुशारकींत होतों. आक्कांनीं मात्र विचारलें, “गुरुजी, औंदा पुनव कवा?” पंचांग पाहिलें, तों चैत्री पौर्णिमा २३ एप्रिलला! आदल्या वर्षीं ती ६ एप्रिलला होती. परंतु मध्यंतरीं श्रावण अधिक येऊन गेल्यामुळें या वर्षीं सगळे सण पुढें गेले होते. पौर्णिमेपर्यंत दीड महिना वाट पाहणें दवण्यास शक्य नव्हतें. एप्रिलच्या उन्हांत फुलें तपकिरी झालीं, काड्या कडक झाल्या, आणि ज्या दिवसासाठीं तो वाढविला त्या दिवशीं वाफ्यांत केवळ बीं धरलेला पाचोळा उभा होता.

आतां विचार करा. दवणा सूर्याच्या चालीनें वाढतो. यात्रा चंद्राच्या तिथीनें भरते. या दोहोंचा मेळ ज्यास घालतां येत नाहीं त्याचें पीक कितीहि उत्तम आलें तरी व्यर्थ जातें. माझा तो परसांतील छंद होता, म्हणून हंसून सोडून दिलें. परंतु जो शेतकरी दोन-चार गुंठे दवणा करून त्या पंधरवड्याच्या विक्रीवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवूं पाहतो, त्यास ही चूक परवडणार नाहीं. त्यामुळें जुन्या मळेकरी लोकांत पेरणीपूर्वीं पुढल्या चैत्राची तिथि विचारण्याची चाल आहे. बाहेरच्यास ती भाविकपणाची वाटेल. वस्तुतः तो शुद्ध हिशेब आहे. तिसऱ्या वर्षीं पौर्णिमा १२ एप्रिल २०२५ ला होती. त्यावरून चार महिने मागें मोजून आम्हीं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत बीं टाकलें. उशिरा पेरलेल्या रोपांस वाढीच्या शेवटीं उन्हाळा गांठतो, त्यामुळें तीं जरा बुटकीं राहिलीं, हें खरें. पण पाडव्यानंतरच्या पंधरवड्यांत त्यांच्या हिरव्या, नुकत्याच कळ्या धरलेल्या जुड्या हातीं आल्या. उंचीचा तोटा सोसून वेळ साधली.

देवास वाहण्यासाठीं किंवा वेणीसाठीं दवणा कोंवळा कापतात. तेल काढावयाचें असेल तर मात्र तो पूर्ण फुलल्यावर कापावा, कारण सुगंधी तेल फुलांत अधिक असतें. कापलेला पाला सावलींत कांहीं दिवस सुकवून मोठ्या बंद भांड्यांत भरतात आणि खालून वाफ सोडतात. ती वाफ पाल्यांतील तेलाचा अंश घेऊन नळींतून बाहेर पडते. नळी थंड पाण्यांतून फिरविलेली असते. तेथें वाफेचें पाणी होतें आणि तेल त्या पाण्यावर तरंगतें. शंभर किलो उंसापासून दहा-अकरा किलो साखर मिळते हें येथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. शंभर किलो दवण्यापासून तेल किती मिळावें? शंभर ते दोनशे ग्रॅम! म्हणूनच तें महाग. अत्तरांत, सुवासिक द्रव्यांत आणि परदेशीं केक, पेयें व तंबाखू यांना स्वाद आणण्यासाठीं तें वापरतात. त्यांतील मुख्य द्रव्यास आपल्या दवण्यावरूनच दॅव्हानोन हें नांव पडलें आहे. त्याची रासायनिक रचना १९६८ सालीं उकलली. मराठी-कानडी मुलखांतल्या एका वेणींतल्या काडीचें नांव जगांतील रसायनशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसावें, ही लहान गोष्ट नव्हे.

गेल्या उन्हाळ्यांत एका पालकांनीं मला सरळ विचारलें, “गुरुजी, ऊंस मोडून हें लावावें काय?” त्यांस मीं जें सांगितलें तेंच येथें लिहितों. मुळींच नाहीं. ऊंस नेण्यास कारखाना बांधलेला आहे; दवणा नेण्यास कोणी बांधलेला नाहीं. ताज्या जुडीचें गिऱ्हाईक चैत्रांत पंधरा दिवस असतें, सोळाव्या दिवशीं तिला कोणी विचारीत नाहीं. तेल काढण्याचीं यंत्रें आणि तेलाचे व्यापारी बहुतेक दक्षिणेकडे, आणि तेलाचा भाव वर्षावर्षास खालींवर होतो. शिवाय लावणी, खुरपणी, कापणी, जुड्या बांधणें हें सर्व माणसांच्या हातांचें काम आहे, आणि त्यांतील बहुतेक बायकांच्या. मात्र ज्याच्या घरीं मनुष्यबळ आहे, विहिरीला हिवाळ्यांत थोडें पाणी आहे, आणि बांधालगत एक-दोन गुंठे हलकी, निचऱ्याची जमीन पडून आहे, त्यानें तेवढ्यांत करून पाहावा. विकला गेला तर चार पैसे, न गेला तर घराला वास. ते गृहस्थ हंसले. पुढें त्यांनीं अर्धा गुंठा केला, एवढें मला ठाऊक आहे.

माझी काळजी पैशाची नाहीं, बियाची आहे. बाभळीचें बीं जमिनींत वर्षानुवर्षें पडून राहतें आणि मग उगवतें. मरव्याची फांदी शेजारणीकडून आणतां येते. दवण्याचें तसें नाहीं. ज्या गांवांत सलग दोन वर्षें कोणींच दवणा पेरला नाहीं, त्या गांवचें बीं संपलें म्हणून समजावें. पेटींत पुडी असली तरी ती माझ्या पहिल्या पुडीसारखी मृत झालेली असते. आक्कांच्या माहेरींहि आतां एकाच घरीं दवणा उरला आहे. मळा विकला गेला, भाऊ पुण्यास गेले. भावजय परसांत एक वाफा करते, म्हणून आम्हांस तें बीं मिळालें. ती जर एखाद्या वर्षीं आजारी पडली असती तर?

म्हणून तिसऱ्या वर्षीं आम्हीं वाफ्याचा एक कोपरा बियासाठीं राखून ठेवला, आणि त्या कोपऱ्यांत रोपें महिनाभर आधीं लावलीं. कारण असें कीं, बीं कडक उन्हाळ्यापूर्वीं भरलें तर तें ठोसर होतें. उशिरा धरलेलें पुष्कळदां पोचट निघतें. फुलें तपकिरी होऊन चुरगाळतांच मोकळीं होऊं लागलीं म्हणजे सकाळच्या दंवांत हलक्या हातानें कापावीं, कारण दुपारीं कापल्यास बीं वाऱ्यावर उडून जातें. मग सावलींत कापडावर वाळवून, चोळून, दोनदां बारीक चाळणींतून काढावें. पूर्ण कोरड्या बाटलींत भरून घट्ट बूच लावावें, आणि बाटलीवर वर्ष लिहावें; मीं न विचारलेला प्रश्न पुढच्यास विचारावा लागूं नये.

अशा दोन बाटल्या भरल्या आहेत. एक शाळेंतील कपाटांत ठेविली आहे, दुसरी आक्कांकडे आहे. ज्या विद्यार्थ्यांस आपल्या परसांत वाफा करावयाचा असेल त्यांनीं दिवाळीची सुटी संपल्यावर कागदाची कोरडी पुडी घेऊन मजकडे यावें, आणि येतांना पुढल्या चैत्री पौर्णिमेची तारीख घरच्या पंचांगांत पाहून यावी. आक्कांची अट एवढीच आहे कीं, पुढच्या उन्हाळ्यांत नेलेलें बीं परत करतांना चिमूटभर जास्त आणावें.